पुण्यातील मुस्लिम सुधारणा आणि शिक्षण : पेठेतील मंडळ आणि कॅम्पातील शाळा

पेठेतला वाचक (धागाकर्ता)

गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यातून निघून मोमीनपुऱ्यात पायी जायचे तर फार तर दहा मिनिटे लागतात. 'सत्यशोधक' या शब्दाला मात्र तेवढ्याच वाटेसाठी जवळजवळ ९७ वर्षे लागली. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि मराठी कथाकार हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नाव जाणीवपूर्वक घेतले होते. दलवाई मूळचे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, त्यांचे वास्तव्य मुंबईत, आणि तोंडी तलाकविरोधी पहिला मोर्चाही मुंबईतच निघाला होता. १८ एप्रिल १९६६ च्या त्या मोर्चात अवघ्या सात स्त्रिया होत्या. असे असताना मंडळाची स्थापना मुंबईत न होता पुण्यात व्हावी, याला माझ्या मते कारण आहे. पुण्यात समाजवादी आणि सेक्युलर विचारांच्या कार्यकर्त्यांचा आधार तयार होता, आणि फुल्यांचे नाव घेतले की काय म्हणायचे आहे ते इथल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते लिहितो. त्याच १९७० साली कॅम्पात, म्हणजे पुण्याच्या लष्कर भागात, अंजुमन खैरुल इस्लाम या संस्थेचे पूना कॉलेज सुरू झाले. त्याआधीपासून १९४८ ची महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी कॅम्पातच काम करीत होती आणि आज जिला आपण आझम कॅम्पस म्हणून ओळखतो ती मोठी वसाहत तिच्या छत्राखाली वाढत गेली. म्हणजे एकाच शहरात, दोन-तीन किलोमीटरांच्या अंतराने, दोन वेगळी उत्तरे दिली जात होती. पेठेतले मंडळ म्हणत होते की विवाह, तलाक आणि पोटगीचा कायदा बदलल्याशिवाय आणि धर्मचिकित्सेची सवय लागल्याशिवाय नुसत्या शिक्षणाने काही होणार नाही. कॅम्पातल्या संस्था भाषणे न देता आपल्या कृतीतून सांगत होत्या की आधी शाळा, मग महाविद्यालय, आणि बाकीचे प्रश्न त्यातून निघालेली पिढी पाहून घेईल.

पुण्याविषयीच्या लिखाणात या दोन्ही गोष्टी मी कधी एका पानावर पाहिल्या नाहीत. मंडळावर लिहिणारे कॅम्पाचा उल्लेख करीत नाहीत आणि कॅम्पातल्या संस्थांच्या स्मरणिका दलवाईंचे नाव घेत नाहीत. माझा स्वतःचा कल मंडळाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही ज्यांनी हा काळ जवळून पाहिला आहे त्यांनी लिहावे की घरात, मोहल्ल्यात, प्रत्यक्ष बदल कोणत्या वाटेने आला.

जुनी पोथी

विषय उत्तम आहे, पण आरंभ १९७० पासून का करावा? जोतीरावांचे शिक्षण मध्येच थांबले असता त्यांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून वडील गोविंदरावांचे मन वळवणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे त्यांचे शेजारी होते, असे फुल्यांची चरित्रे सांगतात. पुढे मुलींच्या शाळेत सावित्रीबाईंच्या बरोबरीने फातिमा शेख यांनी शिकवले. पुण्यातील मुस्लिम शिक्षणाची पहिली पायरी तीच म्हणायला हवी.

पेठेतला वाचक

गफार बेग मुन्शींचा उल्लेख मी करायला हवा होता, ही चूक मान्य. फातिमाबाईंविषयी मात्र जपून लिहावे असे वाटते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या आजारपणात फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे वाक्य आहे. तेवढ्यावरून दोघींचा स्नेह आणि कामाची भागीदारी दिसते. त्यापलीकडे जी जन्मतारीख आणि जे छायाचित्र दरवर्षी जानेवारीत सर्वत्र फिरते, त्याला समकालीन आधार मिळत नाही. एका वाक्यावर अख्खे चरित्र उभे करणे आणि त्या वाक्यासकट बाईंनाच पुसून टाकणे, हे दोन्ही प्रकार अलीकडे पाहिले. दोन्ही सारखेच घाईचे आहेत.

कोंढवेकर

माझे आजोबा भवानी पेठेत राहत, वडील कोंढव्याला आले, मीही तिथेच आहे. धागाकर्त्यांना विनंती आहे की 'आधी शाळा' म्हणणाऱ्यांना इतक्या सहजपणे सावध आणि घाबरट ठरवू नये. तसे शब्द तुम्ही वापरलेले नाहीत, पण सूर तोच आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना मोहल्ल्यात काय सोसावे लागले ते आमच्या घरातही बोलले जाई. शिव्या आणि बहिष्काराचा धाक तर होताच, शिवाय मेल्यावर कब्रस्तानात जागा मिळणार नाही अशी भाषाही होती. त्यांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. पण आमच्या आजोबांसारख्या माणसाला मंडळाची सभा म्हणजे परक्या लोकांच्या टाळ्या मिळवण्याची जागा वाटे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी सगळेच काही आमच्या भल्याच्या विचाराने वाजवत नव्हते, हे आजोबांना चांगले दिसत होते. ते अंगठेबहाद्दर होते, तरी आपल्या तिन्ही मुलींना त्यांनी कॅम्पात शाळेत पाठवले आणि चौथीनंतर शाळा सोडवली नाही. त्यांना कोणी सुधारक म्हटले असते तर त्यांना राग आला असता.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती आणि राज्याची सरासरी सुमारे ७७ टक्के. म्हणजे 'मुसलमान शिकत नाहीत' हे वाक्य आपल्या राज्यापुरते तरी साक्षरतेच्या पातळीवर टिकत नाही. गळती पुढे आहे, दहावीच्या आसपास आणि त्यानंतर. ती गळती भरून काढायला कॅम्पासारख्या संस्थांचाच उपयोग झाला, कारण एकाच आवारात शाळेपासून अध्यापक महाविद्यालयापर्यंत आणि औषधनिर्माणशास्त्रापासून दंतवैद्यकापर्यंत वाट असेल, तर घरातल्या माणसाला मुलीला 'ओळखीच्या जागी' पुढे शिकू देणे सोपे जाते.

वकील अप्पा

कायद्याचा क्रम एकदा नीट मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

१९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारून विवाह, तलाक, वारसा वगैरे बाबतीत व्यक्तिगत कायदा लागू केला. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम पत्नीला न्यायालयात जाऊन विवाहविच्छेद मागण्याची निश्चित कारणे दिली. पुरुषाचा एकतर्फी तलाक मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणजे तिला कोर्टाची पायरी आणि त्याला तीन शब्द. मंडळाचा आक्षेप नेमका या विषमतेवर होता, आणि मंडळ ज्या समाजवादी वर्तुळात वाढले तिथे समान नागरी कायद्याची मागणीही होती. सात स्त्रियांच्या १९६६ च्या मोर्चातही ती होती.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीच्या कलम १२५ खाली 'पत्नी' या शब्दात घटस्फोटितेचा समावेश झाला, पण त्याच संहितेत कलम १२७ मध्ये रूढीनुसार द्यायची रक्कम दिली असेल तर पोटगीचा आदेश रद्द करता येईल अशी पळवाटही ठेवली गेली. त्या पळवाटेचे बरेचसे राजकारण पुढे शाहबानो प्रकरणात उघड झाले. इंदूरच्या त्या वृद्ध बाईंना उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे मंजूर केले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी ते कायम केले. एवढ्या रकमेच्या निकालाला बगल देण्यासाठी संसदेत घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांविषयीचा १९८६ चा कायदा आला. त्या आधीच, १९८५ च्या अखेरीस, मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाकमुक्ती मोर्चा काढला होता आणि वाटेत ठिकठिकाणी त्याला कडवा विरोध झाला होता.

पुढचे थोडक्यात. २००१ मध्ये डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचाच असा अर्थ लावला की पतीने इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या, मुदतीत पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्दबातल ठरला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खालीही दाद मागता येते असे पुन्हा स्पष्ट केले. १९६६ ते २०१७ या ५१ वर्षांत सात स्त्रियांच्या मोर्चाची आणि पुढे पुण्यातल्या मंडळाची मागणी, निदान एका कलमापुरती, न्यायालयाच्या तोंडून बाहेर आली. तुरुंगाची तरतूद योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे. माझे मत विचाराल तर पती तुरुंगात आणि पत्नीची चूल थंड, अशी त्यात अडचण आहे.

कोकणी दर्यावर्दी

कोंढवेकरांच्या आजोबांसारखी माणसे मीही पाहिली आहेत. पण एक मुद्दा दोन्ही बाजूंनी टाळला जातो आणि तो भाषेचा आहे. आमच्या रत्नागिरीकडे घरात कोकणी बोली, बाजारात मराठी, आणि तरीही कोणीतरी येऊन सांगणार की तुमची 'मातृभाषा' उर्दू आहे. दलवाई स्वतः मराठीत लिहिणारे कथाकार होते आणि मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे हा त्यांचा आग्रह होता. १९७३ च्या सुमारास कोल्हापुरात झालेल्या शिक्षण परिषदेत हाच प्रश्न ऐरणीवर आला. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघाले, तिथे हा विषय निघावा हे योग्यच होते.

पुण्यात काय दिसते? महापालिकेच्या उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, कॅम्पात अँग्लो उर्दू हायस्कूल आहे. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत गेला की सहा महिने त्याला काही उमगत नाही. सरकारी कचेरीत अर्ज मराठीत लिहायचा, तर तो दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. मंडळाचे म्हणणे या एका बाबतीत शंभर टक्के बरोबर होते आणि ते ऐकले गेले नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा कुठे हे उघडपणे बोलले जाऊ लागले की आम्ही मराठीतच विचार करतो, मराठीतच भांडतो आणि मराठीतच रडतो.

निवृत्त मुख्याध्यापिका

मी ३४ वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवले, त्यांपैकी ९ वर्षे मुख्याध्यापिका होते. शाळेचे नाव लिहीत नाही. कोकणी दर्यावर्दी यांनी अकरावीच्या मुलांविषयी जे लिहिले ते खरे आहे. आमच्या शाळेत मराठी हा विषय शिकवायला कित्येक वर्षे नीट शिक्षकच नव्हता. त्यासाठी मी वरिष्ठांकडे इतके अर्ज केले की शेवटी तिथल्या कारकुनाने मला सांगितले, "मॅडम, तुमच्या मुलांना मराठी हवंय हे साहेबांना पटतच नाही." एकीकडे आम्हाला मराठी येत नाही म्हणून नावे ठेवायची आणि दुसरीकडे मराठीचा शिक्षक द्यायचा नाही. हा अनुभव माझ्या मनात अजून सलतो.

तरीही मंडळाच्या भाषाविषयक भूमिकेशी मी पूर्ण सहमत नाही, आणि त्यामागे तर्कापेक्षा एक प्रसंग आहे. माझी एक विद्यार्थिनी होती. वडील भाजीची हातगाडी लावत. दहावी झाली, बारावी झाली आणि विसाव्या वर्षी निकाह ठरला. मला बोलावणे होते. काझीसाहेबांनी सही घ्यायला निकाहनामा आत पाठवला, तेव्हा बायकांच्या घोळक्यात तिने तो हातात घेतला आणि सही न करता पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. छापील मजकूर उर्दूत होता. तिची खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, "अगं, सही कर, बाहेर लोक खोळंबलेत." तिने मान वर केली नाही. मग तिने विचारले की मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम ठरली होती ती इथे अर्धी का आहे, आणि अटींचा रकाना कोरा का सोडला आहे. बाहेर दहा मिनिटे गडबड झाली, पण रक्कम दुरुस्त झाली. अटींच्या रकान्यात तिने लिहून घेतले की तिचे शिक्षण थांबवले जाणार नाही.

तिने हमीद दलवाई हे नाव ऐकलेले नव्हते. मंडळाच्या सभेला जाण्याची तिची प्राज्ञा नव्हती. तिला उर्दू वाचता येत होते, एवढेच. तिचा धाकटा भाऊ मराठी शाळेत गेला, हुशार निघाला, चांगल्या नोकरीत आहे. त्याच्या लग्नात त्याने मात्र न वाचताच सही केली, कारण त्याला ती लिपी येत नव्हती.

वकील अप्पा

बाईंच्या प्रसंगाला कायद्याची एक जोड देतो. निकाह हा मुस्लिम कायद्यात करार आहे आणि वाजवी अटी घालण्याचा हक्क वधूला आहे. 'तलाक-ए-तफवीज' म्हणजे ठरावीक अटी मोडल्यास तलाकचा अधिकार पतीने पत्नीकडे सोपवणे, हेही पारंपरिक कायद्याला मान्य आहे आणि भारतातल्या न्यायालयांनी ते उचलून धरले आहे. अट एवढीच की ते कागदावर असले पाहिजे. व्यवहारात तो रकाना ९९ वेळा कोरा असतो, कारण वाचून भरणारे कोणी नसते. माझ्या वकिलीत मी असा भरलेला रकाना दोनदाच पाहिला.

मोमीनपुऱ्यातून

इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. माझी फुफी, म्हणजे आत्या, मंडळाच्या कामात होती. सय्यदभाईंना, म्हणजे सय्यद महबूब शाह कादरी यांना, मी लहानपणी आमच्या ओट्यावर बसलेले पाहिले आहे. त्यांच्या स्वतःच्या बहिणीला तलाक मिळाला आणि त्यातून ते या कामात आले, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ते गेले. मेहरुन्निसा भाभी तर पुण्याच्याच लेक. दलवाईंशी त्यांचा निकाह झाला आणि नंतर दोघांनी तो विवाह विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलाही, म्हणजे जे मागायचे ते आधी आपल्या घरात करून दाखवले. दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. त्यानंतर भाभींनी मंडळाचे काम चालू ठेवले आणि २०१७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. तिहेरी तलाकचा निकाल त्यांच्या मागे अडीच महिन्यांनी आला.

मला जे सांगायचे आहे ते वेगळेच आहे. मंडळ म्हटले की सगळ्यांना मोर्चे आणि परिषदा आठवतात. १९७१ ची पुण्यातली मुस्लिम महिला परिषद आठवते. माझ्या आठवणीत मात्र फुफीच्या घरी येणाऱ्या बायका आहेत. कोणाला नवऱ्याने पोस्टकार्डावर तलाक पाठवलेला असे, कोणाला मुले हिसकावून घेऊन बाहेर काढलेले असे. फुफी आधी चहा टाकायची, मग कागद वाचायची. त्या बायकांपैकी अनेकींना ते कार्डही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले होते. म्हणजे आपल्याला तलाक मिळाला आहे, ही बातमी त्यांना शेजाऱ्याच्या तोंडून कळलेली असे. फुफी पोटगीचा अर्ज मराठीत लिहून द्यायची आणि अर्ज लिहून झाला की न चुकता विचारायची, "पोरगी किती वर्षांची? शाळेत घातलीस का?" कोणत्या माध्यमाच्या शाळेत, हे तिने कधी विचारल्याचे मला आठवत नाही. शाळा बहुतेक वेळा कॅम्पातली असे, कारण जवळ तीच होती आणि फी परवडत होती.

आता मंडळ बकरी ईदच्या दिवसांत रक्तदान शिबिरे घेते. दोन वर्षांपूर्वी मी तिथे रक्त द्यायला गेलो, तर नोंदणीच्या टेबलावर बसलेली मुलगी कॅम्पातल्या महाविद्यालयाची निघाली.

कोंढवेकर

मोमीनपुऱ्यातून, तुमच्या फुफींचा हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबलो. माझ्या आजोबांनी अगदी तसेच विचारले असते. दोघे एकमेकांशी बोलले मात्र कधी नसते.

मशिदीच्या बाबतीतही आपल्या शहरातली एक गोष्ट नोंदवून ठेवतो. २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका दाम्पत्याने स्त्रियांना मशिदीत नमाजासाठी प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० च्या जानेवारीत प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की स्त्रियांच्या प्रवेशाला इस्लामची मनाई नाही. हे दाम्पत्य कोणत्या परंपरेतले मानायचे, कॅम्पाच्या की पेठेच्या, हे मला ठरवता येत नाही.

जुनी पोथी

मुख्याध्यापिकाबाईंना एक प्रश्न. त्या मुलीने लिहून घेतलेली शिक्षणाची अट पाळली गेली का?

निवृत्त मुख्याध्यापिका

दोन वर्षे पाळली गेली, मग पहिले मूल झाले आणि शिक्षण थांबले. सासूने ते थांबवले नाही आणि नवऱ्यानेही नाही. तिचीच दमछाक झाली. सात वर्षांनी तिने पुन्हा नाव घातले आणि डी.एड. पूर्ण केले. आता ती उर्दू शाळेत शिकवते. तिच्या शाळेत मराठीचा शिक्षक आहे का, असे मी तिला मागच्या ईदला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, मीच शिकवते. रात्री भावाकडून शिकून घेते आणि सकाळी वर्गात सांगते."

पेठेतला वाचक

धागा काढताना मी विचारले होते की बदल कोणत्या वाटेने आला. प्रश्न चुकीचा विचारला होता असे आता वाटते, कारण मी वाटा नकाशावर पाहत होतो आणि माणसे दोन्ही वाटांनी येत-जात होती. भाषेच्या मुद्द्यावरही माझी भूमिका थोडी हलली आहे. मराठी हवीच, पण ती उर्दूच्या जागी की उर्दूच्या शेजारी, याचा विचार मी केला नव्हता.

मोमीनपुऱ्यातून, तुमच्या फुफींनी लिहिलेल्या अर्जांच्या कच्च्या प्रती किंवा ती पोस्टकार्डे कोणाकडे शिल्लक असतील तर कृपया कळवावे. नावे झाकून त्यांची नक्कल करून ठेवता येईल. मंडळाच्या 'मुस्लिम सत्यशोधक पत्रिके'चे जुने अंक मी जमेल तितके चाळतो आहे, पण पत्रिकेत छापले जाते ते ठराव आणि भाषणे. पोस्टकार्डे तिथे सापडत नाहीत.

मोमीनपुऱ्यातून

एक पत्र्याची पेटी आहे. फुफीच्या सुनेकडे, कोंढव्याला. किल्ली हरवली आहे, रविवारी कुलूपवाल्याला घेऊन जातो.